एका आकड्याची पाठपरंपरा : श्वानांचे निर्बीजीकरण आणि कर्करोग



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या वर्गात मी याच शाळेत बसलो आहे. गुरुजी गणित आणि शास्त्र शिकवीत. फळ्यावर कोणी नुसता आकडा लिहिला आणि त्यापुढे एकक लिहिले नाही, की ते हातातला खडू खाली ठेवीत आणि विचारीत, "पाच काय? पाच आंबे की पाच म्हशी?" वर्ग हसे. ज्याने उत्तर लिहिले असेल तो खाली मान घालून उभा राही. उत्तर बरोबर असले तरी त्याला गुण मिळत नसत. "आकड्याला पत्ता लागतो रे," गुरुजी म्हणत, "बिनपत्त्याचे पत्र कुठेही जाऊन पडते."

साठ वर्षांपूर्वीचे हे वाक्य मला ज्या प्रसंगाने पुन्हा आठवले, तो सांगण्यासाठी आज मी उभा आहे. विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. मी मराठीचा प्राध्यापक. माझी उमेदीची वर्षे हस्तलिखित पोथ्यांचे पाठभेद लावण्यात गेली. मी पशुवैद्य नाही, शास्त्रज्ञही नाही. असे असताना कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि कर्करोग हा विषय मी का घ्यावा? त्याचे उत्तर एवढेच, की या विषयाच्या इतिहासात एक आकडा आहे, आणि त्या आकड्याचे जे झाले तेच पोथीतल्या ओवीचे होते. नकलेवरून नक्कल होत गेली, मधला एक शब्द गळाला आणि अर्थ फिरला. हा प्रकार ओळखणे हाच माझा धंदा. शिवाय त्या गळालेल्या शब्दाने माझ्या घरात काही वर्षे दुःख दिले, म्हणून या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो.

१९९८ साली आमच्या घरी राणी आली. मुधोळच्या शिकारी कुत्र्याचा अंश तिच्यात असावा. उंच, सडपातळ, लांब तोंडाची. ती सहा महिन्यांची होण्याच्या सुमारास गावातल्या पशुवैद्यांनी अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली. माझ्या पत्नीचा कल ती करावी असा होता. मी नकार दिला. "मुक्या जनावराला विनाकारण कापायचे कशाला?" असे मी म्हणालो आणि विषय संपवला. २००७ साली राणीच्या सडांशी गाठ आढळली. शस्त्रक्रिया झाली, पण रोग फुप्फुसापर्यंत पोहोचला होता. २००८ च्या पावसाळ्यात ती गेली. माझ्या पत्नीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तो लावला असता तर बरे झाले असते.

दोन वर्षांनी आम्ही रस्त्यावरचे एक पिल्लू घरी आणले. तिचे नाव सोनी. तिला घेऊन एका दवाखान्यात गेलो, तेव्हा तिथे एक माहितीपत्रक हाती पडले. त्यात तीन ओळींचा तक्ता होता. पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया केल्यास स्तनग्रंथींच्या कर्करोगाचा धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के, दोन किंवा अधिक माजांनंतर २६ टक्के. तक्ता तिथेच संपत होता. पण वाचणाऱ्याचे मन थांबत नाही. अर्धा, आठ, सव्वीस, अशी चढण लागल्यावर पुढची पायरी ते आपोआप घालते. जिची शस्त्रक्रिया कधीच झाली नाही, जिला अठरा-वीस वेळा माज आला, तिचे काय? मी मनाशी उत्तर दिले : तिला कर्करोग जवळजवळ निश्चितच. म्हणजे राणीला मी माझ्या एका वाक्याने मृत्यूच्या हवाली केले होते.

हे ओझे मी काही वर्षे बाळगले. मग एके दिवशी गुरुजींचा प्रश्न आठवला. सव्वीस टक्के, पण कशाचे?

१

मूळ प्रतीकडे जाण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी पाहू. प्राण्याची प्रजननशक्ती काढून घेण्याची कला शेतीइतकीच जुनी आहे. आपल्या खेड्यांत खोंड बडवून त्याचा बैल करीत. न बडवलेला तो वळू. भाषेने हा भेद काटेकोरपणे जपला आहे, कारण शेतकऱ्याचे पोट त्यावर अवलंबून होते. नराचे अवयव शरीराबाहेर असल्याने हे काम सोपे. मादीचे अंडाशय पोटात असतात. तरीही ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात डुकरिणीचे आणि सांडणीचे अंडाशय काढण्याच्या रीतीचे वर्णन केले आहे. त्या काळी हेतू एवढाच असे, की जनावर शांत व्हावे, अंगाने भरावे, कामाला लागावे. या कृतीचा एखाद्या रोगाशी संबंध असेल अशी कल्पना कोणाला नव्हती.

रोगासाठी आपल्याकडे शब्द होता. सुश्रुताने ग्रंथी आणि अर्बुद असा भेद केला आहे. गंमत अशी, की संस्कृतात 'अर्बुद' हे एका फार मोठ्या संख्येचेही नाव आहे. गाठ आणि आकडा एकाच शब्दात नांदतात. आजच्या विषयाला याहून समर्पक शब्द मला सुचत नाही.

संबंध जोडला गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही गोठ्याच्या वाटेने. जॉर्ज बीट्सन हा स्कॉटलंडमधील शस्त्रवैद्य. त्याचा जन्म १८४८ साली श्रीलंकेतील त्रिंकोमाली येथला. तरुणपणी त्याने प्रबंधासाठी दुग्धस्रवणाचा विषय घेतला होता. त्याला कळले, की ऑस्ट्रेलियात गाय व्याल्यानंतर तिचे अंडाशय काढतात, म्हणजे तिचे दूध पुढे दीर्घकाळ चालू राहते. म्हणजे अंडाशय पोटात आणि दूध सडात, तरी एकाचा अंमल दुसऱ्यावर चालतो. आणि दोहोंना जोडणारी मज्जातंतूंची वाट तर दिसत नाही. मग स्तनातल्या गाठीवरही अंडाशयाचा अंमल चालत असेल का? १८९५ च्या जूनमध्ये त्याने स्तनाच्या असाध्य कर्करोगाने आजारी असलेल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीचे अंडाशय काढले. काही महिन्यांत गाठी विरल्या. १८९६ साली त्याने हा वृत्तान्त 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या वेळी संप्रेरक हा शब्दही शास्त्रात आला नव्हता. अंडाशयातील इस्ट्रोजेन गटाचे पहिले संप्रेरक शुद्ध रूपात हाती आले ते १९२९ साली. बीट्सनला कार्य दिसले, कारण दिसले नाही. पण जे दिसले ते त्याने प्रामाणिकपणे नोंदले.

दुसरे नाव एका माजी शिक्षिकेचे आहे, म्हणून या शाळेत ते मुद्दाम घेतो. ॲबी लॅथ्रॉप ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातली बाई. काही काळ शाळेत शिकवून तिने कोंबड्या पाळल्या. तो व्यवसाय बुडाला, तेव्हा तिने हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पाळायला सुरुवात केली. पुढे प्रयोगशाळाही तिच्याकडून उंदीर नेऊ लागल्या. कोणत्या घराण्यातल्या माद्यांना गाठी होतात याची ती बारकाईने नोंद ठेवी. लिओ लोब या रोगशास्त्रज्ञाबरोबर तिने १९१६ साली दाखवून दिले, की लहान वयात अंडाशय काढलेल्या माद्यांमध्ये स्तनग्रंथींच्या गाठींचे प्रमाण फार उतरते. वयाचे महत्त्व इथे प्रथम ठळक झाले. पदवी नसलेल्या एका बाईच्या वहीत हे ज्ञान जमा झाले, हे आपल्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावे.

तिसरे नाव चार्ल्स हगिन्स यांचे. शिकागो येथे त्यांनी १९४० च्या सुमारास कुत्र्यांवर काम केले. म्हाताऱ्या माणसाप्रमाणेच म्हाताऱ्या कुत्र्याचीही प्रोस्टेट ग्रंथी वाढते. वृषण काढले की ही वाढलेली ग्रंथी आक्रसते, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी माणसाच्या प्रोस्टेट कर्करोगावर संप्रेरकांच्या मार्गाने उपचार बसवला आणि १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याने माणसाला दिलेले हे दान मोठे आहे. मात्र यात एक वक्रोक्ती दडलेली आहे. ती पुढे सांगतो.

२

आता मूळ प्रत. कॅलिफोर्निया राज्यातील अलामेडा आणि कॉन्ट्रा कोस्टा या दोन जिल्ह्यांत १९६३ पासून प्राण्यांच्या कर्करोगाची पद्धतशीर नोंदवही सुरू झाली. पशुवैद्यांकडे येणाऱ्या गाठींची तपासणी करून प्रत्येक नोंद त्या वहीत जाई. या सामग्रीवर श्नायडर, डॉर्न आणि टेलर या तिघांनी १९६९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्या वर्षी मी महाविद्यालयात होतो आणि ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायाशी झगडत होतो. त्या लेखाची छायाप्रत मला मिळाली ती याच शाळेतून शिकून गेलेल्या आणि आता वैद्यकीय अध्यापन करणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून.

तिघांची पद्धत अशी. एका बाजूला स्तनग्रंथींचा कर्करोग झालेल्या कुत्र्या घ्यायच्या, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीच्या, हा रोग नसलेल्या कुत्र्या घ्यायच्या आणि दोन्ही गटांत शस्त्रक्रिया झालेल्या किती, न झालेल्या किती, कोणत्या वयात झालेल्या किती, हे ताडून पाहायचे. या पद्धतीचा गुण असा, की थोड्या खर्चात आणि थोड्या काळात उत्तर मिळते. तिची मर्यादा अशी, की शंभर कुत्र्यांपैकी किती आजारी पडतील हे तिच्यातून थेट कळतच नाही. कारण रोगी किती आणि निरोगी किती घ्यायच्या हे संशोधकांनीच ठरवलेले असते. कळते ते फक्त गुणोत्तर. एका गटाचा धोका दुसऱ्याच्या किती पट, एवढेच.

आणि लेखात नेमके तेच म्हटले आहे. शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीचा धोका १०० धरला, तर पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीचा धोका अर्धा, एका माजानंतर झालेल्या कुत्रीचा ८ आणि दोन किंवा अधिक माजांनंतर झालेल्या कुत्रीचा २६. अडीच वर्षांच्या वयानंतर शस्त्रक्रिया केली तर संरक्षण दिसेनासे होते, असेही त्यांचे निरीक्षण होते.

म्हणजे माहितीपत्रकातल्या तक्त्याला चौथी ओळ होती, आणि ती गळाली होती. 'शस्त्रक्रिया न झालेली कुत्री : १००.' ही ओळ तिथे असती, तर कोणत्याही शाळकरी मुलाला कळले असते, की हे शंभर म्हणजे शंभरातल्या शंभर कुत्र्या नव्हेत. सगळ्याच कुत्र्यांना काही स्तनाचा कर्करोग होत नाही! शंभर हे मोजण्यासाठी मानलेले माप आहे. ती ओळ गळाल्यामुळे 'न काढलेल्या कुत्रीच्या धोक्याच्या २६ टक्के' याचे 'शंभरातल्या २६ कुत्र्या' झाले.

पोथ्यांच्या अभ्यासकाला हा प्रमाद चांगला ओळखीचा आहे. लेखनिक अप्रामाणिक नसतो. तो घाईत असतो, आणि समोरच्या प्रतीवर त्याचा विश्वास असतो. त्याने गाळलेला शब्द पुढच्या लेखनिकाला दिसण्याचा प्रश्नच नाही. म्हणूनच नाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण करावे लागले. म्हणूनच पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहावी लागली. मला पत्रक देणाऱ्या दवाखान्यावर माझा राग नाही. त्यांनी जे वाचले तेच छापले.

३

पाठ संशयास्पद वाटला की दुसऱ्या परंपरेतली प्रत शोधायची, हा आमचा नियम. अशी स्वतंत्र प्रत या विषयात आहे. अमेरिकेत पाळीव कुत्र्यांचे निर्बीजीकरण सरसकट होते, तर स्कँडिनेव्हियात तशी रीत नव्हती. नॉर्वेच्या कायद्यात सबळ कारणावाचून अशी शस्त्रक्रिया करण्यास मुभा नाही. स्वीडनमध्येही ती दीर्घकाळ विरळाच होती. त्यामुळे अंडाशय शाबूत असलेल्या कुत्र्यांना किती प्रमाणात गाठी होतात, हे पाहण्याची सोय तिकडे आहे. स्वीडनमधील पशुविम्याच्या १९९५ ते २००२ या काळातील नोंदींवरून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा वर्षांच्या वयापर्यंत सुमारे १३ टक्के कुत्र्यांसाठी स्तनग्रंथींच्या गाठीबद्दल विम्याचा दावा झालेला होता. यात सौम्य गाठीही आल्या, आणि जातीजातींत फरक मोठा होता.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. जिथे बहुतेक कुत्र्यांची शस्त्रक्रिया झालेलीच नाही, तिथे दहा वर्षांत शंभरांपैकी तेरा. आणि पत्रकाच्या वाचनाप्रमाणे शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरांपैकी सव्वीस. म्हणजे शस्त्रक्रियेने धोका दुप्पट झाला! पत्रक तर तो कमी होतो असे सांगत होते. पाठ भ्रष्ट आहे याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? मूळ वाचन घेतले तर तेराचे २६ टक्के, म्हणजे शंभरांपैकी तीन-चार. देश वेगळे, जाती वेगळ्या, म्हणून हा हिशेब अदमासाचाच. पण अर्थ जुळतो.

मग मूळ प्रत तरी निर्दोष मानायची का? तीही तपासली गेली. २०१२ साली ब्रिटनमधील अभ्यासकांनी या प्रश्नावरचे सारे इंग्रजी शोधनिबंध एकत्र करून पारखले. विषयाला धरून असे १३ हाती लागले. त्यांपैकी ९ मध्ये पक्षपाताचा धोका मोठा आणि उरलेल्या ४ मध्ये मध्यम, असा त्यांचा निर्णय होता. निर्बीजीकरणाने स्तनग्रंथींच्या गाठी कमी होतात याचा पुरावा दुबळा आहे, असे त्यांनी लिहिले. दुबळा म्हणजे खोटा नव्हे. बीट्सनपासूनचा शरीरशास्त्राचा युक्तिवाद त्याच दिशेने जातो, आणि अंडाशय लवकर काढल्याने या विशिष्ट कर्करोगापासून संरक्षण मिळते असे पशुवैद्य आजही सामान्यतः मानतात. परंतु ते संरक्षण नेमके किती, हे १९६९ च्या त्या एका लेखावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

४

इथवरची कथा एकाच कर्करोगाची झाली. पण शरीर एका ग्रंथीचे नसते, आणि संप्रेरकांचे कामही एकच नसते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दुसरी बाजू पुढे आली.

२००२ साली उत्तर अमेरिकेतील ६८३ रॉटवायलर कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या भल्यामोठ्या जातीत हाडाचा कर्करोग मुळातच अधिक. वयाच्या पहिल्या वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या नर-माद्यांमध्ये आयुष्यात हा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे चारात एक आढळली. अवयव शाबूत असलेल्यांपेक्षा ती स्पष्टपणे जास्त होती. एक संभाव्य कारण सांगता येते. हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या मिटण्यासाठी लैंगिक संप्रेरकांची गरज असते. ती लवकर गेली तर हाडे अधिक काळ वाढत राहतात.

२०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अभ्यासकांनी ७५९ गोल्डन रिट्रीव्हरांच्या नोंदी मांडल्या. वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या नरांपैकी जवळजवळ १० टक्क्यांना लिंफोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला होता; शाबूत नरांच्या तिप्पट. वर्षानंतर निर्बीजीकरण झालेल्या माद्यांमध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग सुमारे ८ टक्के. शाबूत माद्यांच्या चौपट. इथे मला समाधान वाटले ते असे, की लेखकांनी पटही दिली आणि शंभरातली संख्याही दिली. पत्ता पूर्ण लिहिला.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, जॉर्जिया विद्यापीठातील अभ्यासकांचा दुसरा लेख आला. पशुरुग्णालयांतील ४०,१३९ मृत्यूंच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्यांचे मृत्युसमयीचे सरासरी वय ९.४ वर्षे, न झालेल्यांचे ७.९. ते जंतुसंसर्गाने आणि अपघाताने कमी मेले. कर्करोगाने अधिक मेले. म्हणजे अधिक जगले, आणि तरीही कर्करोगाने अधिक गेले. यात विरोध नाही. जो गाडीखाली सापडला नाही त्याला कशाने तरी मरायचे असतेच. केवळ वाढलेल्या वयाने या फरकाचा पूर्ण उलगडा होत नाही, असे त्या लेखकांना वाटले. पण ज्या कुत्र्याला जपणारे घर मिळते त्याचीच शस्त्रक्रिया होते, आणि त्याचाच कर्करोग ओळखलाही जातो, हेही विसरता येत नाही.

आता मघाची वक्रोक्ती. हगिन्स यांनी वृषण काढून कुत्र्याची वाढलेली प्रोस्टेट आक्रसवली. त्यावरून कोणालाही वाटेल, की ज्याचे वृषण काढले त्या कुत्र्याला प्रोस्टेटचा कर्करोग होऊ नये. २००२ साली नेदरलँड्समधून आणि २००७ साली अमेरिकेतून आलेल्या अभ्यासांत उलटच दिसले : हा कर्करोग कुत्र्यात विरळा खरा, पण निर्बीजीकरण झालेल्यांत त्याचे प्रमाण अधिक. वयोमानाने होणारी साधी वाढ आणि कर्करोग ही दोन वेगळी प्रकरणे निघाली. वृषणच काढल्यावर वृषणाचा कर्करोग होत नाही, हे मात्र निर्विवाद.

२०२० साली डेव्हिसच्याच गटाने ३५ जातींचा आढावा प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की सर्वांना लागू पडणारे एकच वय सांगता येत नाही. लहान चणीच्या बहुतेक जातींत निर्बीजीकरणाने कर्करोग वाढल्याचे दिसत नाही. काही मोठ्या जातींत दिसते. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर ही दिसायला भावंडे, पण त्यांच्यातही फरक. त्या पस्तिसांत आपला मुधोळ नाही. घोरपड्यांच्या संस्थानाने जोपासलेला, आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातला हा कुत्रा परदेशी तक्त्यांत नाही, आणि आपल्या गल्लीतला गावठी कुत्राही नाही. म्हणजे राणीचा पत्ता कोणत्याच तक्त्यात नव्हता.

५

गल्लीतल्या कुत्र्याचा उल्लेख आला, तर त्याचाही एक कर्करोग सांगायला हवा. तो मोठा विलक्षण आहे. १८७६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे नोव्हिन्स्की या पशुवैद्यकाने एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्याच्या अंगी रुजवून दाखवला. ही गाठ निसर्गतः समागमातून पसरते. प्रामुख्याने जननेंद्रियावर होते. २००६ साली लंडनमधील संशोधकांनी सिद्ध केले, की या गाठीच्या पेशी आजारी कुत्र्याच्या स्वतःच्या नसतातच. फार पूर्वी एका कुत्र्याच्या शरीरात उद्भवलेल्या त्या पेशी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर आजवर जगत आल्या आहेत. ४३ देशांतील ५४६ गाठींवरून २०१९ साली काढलेल्या अनुमानानुसार तो मूळ कुत्रा ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी, बहुधा आशियात, होऊन गेला. जगातल्या मोकाट कुत्र्यांत, भारतातही, हा रोग आढळतो. पिढ्या बदलतात आणि मजकूर चालूच राहतो, अशी ही पाठपरंपरा पाहून आम्हा पोथीवाल्यांनी तोंडात बोट घालावे.

इथे निर्बीजीकरणाचा उपयोग उघड आहे. समागम थांबला की संसर्गाची मुख्य वाट बंद. आणि झालेला रोग बहुधा बराही होतो. त्यासाठी वापरले जाणारे व्हिंक्रिस्टीन हे औषध सदाफुलीपासून मिळते. आपल्या शाळेच्या कुंपणाशी जी जांभळट-गुलाबी फुले बारमाही फुलतात, तीच ही.

आपल्या देशात मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण सुरू झाले ते मात्र कर्करोगासाठी नव्हे. मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६० च्या दशकात हा मार्ग धरला; २००१ साली केंद्र सरकारने त्याचे नियम केले आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. संख्या आवरावी आणि रेबीज हटावा, हा त्यामागचा हेतू. गल्लीतल्या कुत्रीचे आयुष्य ते किती. दर वर्षीची पिल्ले, उपासमार, वाहने. तिच्या बाबतीत रॉटवायलरचा तक्ता पुढे करून शस्त्रक्रिया अडवणे म्हणजे दुसऱ्याच गावचा पत्ता घालून पत्र टाकण्यासारखे आहे. आणि घरात, साखळीने, देखरेखीखाली वाढणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला केवळ गल्लीचा न्याय लावणे हेही तसेच.

६

मित्रहो, आता शेवटाकडे येतो.

सोनीची शस्त्रक्रिया आम्ही केली. तिच्या पहिल्या माजानंतर काही महिन्यांनी. या वेळी निर्णय पत्नीने घेतला आणि मी रिक्षा आणली. त्यामागे कर्करोग हे एकच कारण नव्हते. म्हाताऱ्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो, तो टळावा. आणि गल्लीत आणखी सात-आठ पिल्ले उपाशी मरू नयेत, हा विचार त्याहून मोठा होता. सोनी २०२३ साली म्हातारपणाने गेली. तिला गाठ झाली नाही. यावरून काही सिद्ध होते का? काहीही नाही. एका कुत्रीवरून शेकडेवारी निघत नाही. राणीवरूनही निघत नव्हती. पण दुःखात माणूस एकाचेच शंभर करतो.

मग माझ्या अपराधाचे काय झाले? मूळ लेख हाती आला त्या संध्याकाळी मी पत्नीला तो सारा हिशेब समजावून सांगितला. चौथी ओळ कशी गळाली, शंभर म्हणजे काय, स्वीडनमध्ये तेरा कसे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे केली असती तर तिला झाला नसता असे नाही?" मी म्हणालो, "कदाचित झाला असता. शक्यता बरीच कमी झाली असती." ती म्हणाली, "मग तेवढेच धरा. जास्त नको, कमी नको."

तिच्या त्या उत्तरात गुरुजींची सगळी शिकवण होती. आकड्याचा पत्ता नीट वाचल्याने मी निर्दोष ठरलो नाही. मी नकार दिला होता, आणि त्या नकाराने राणीचा धोका वाढलेला राहिला. हे सत्य जागच्या जागी आहे. पण तिला मी मृत्यूच्या हवाली केले, हे खरे नव्हते. अपराधालाही माप असते. भ्रष्ट पाठाने ते माप फुगवले होते. शुद्ध पाठाने ते त्याच्या खऱ्या आकाराला आले. खऱ्या आकाराचे दुःख माणसाला वाहता येते.

आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी कुत्रा असेल. "शस्त्रक्रिया करावी की नाही?" असे मला विचारू नका. ते आपल्या पशुवैद्यांना विचारा. आणि जात कोणती, चण केवढी, वय किती, ते घरात राहणार की बाहेर फिरणार, हे सगळे त्यांच्यापुढे ठेवून विचारा. त्यांनी एखादा आकडा सांगितला, तर नम्रपणे आणखी एक प्रश्न करा : हे टक्के कशाचे? चांगला वैद्य या प्रश्नाने रागावणार नाही.

गुरुजींना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांनी मला शास्त्रात कधी पंचाहत्तरांच्या वर गुण दिले नाहीत. कशापैकी, असे तुम्ही विचाराल. शंभरापैकी.